फोटोतलं कपाळ

“आन् हिचं कुंकू कुठाय गं?” ताराकाकूनं विचारलं, तेव्हा मी तिच्या मागंच उभी राहून हसत होते.

हसत होते ते तिच्याच फोटोला. शाळेच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून माणसाएवढाले फोटो टांगले होते, सगळे आमच्या गावातल्या बायकांचे, आणि एकही फोटो सरळ नव्हता. कुणाच्या तोंडावर तडे गेलेले, कुणाच्या केसांतनं ठिणग्या निघालेल्या. ताराकाकूच्या तर दोन्ही गालांवर भट्टीचा जाळ होता. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, “मेल्यावर जाळायचं ते पोरीनं जित्तेपणीच उरकलं.” त्यावर बायका खिदळत होत्या. तेवढ्यात तिची नजर शेजारच्या फोटोवर गेली, आणि शेजारचा फोटो माझा होता.

सगळा फोटो काळापांढरा. फक्त डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत वितळलेल्या सोन्याचा एक ओघळ पिवळाधमक चमकत होता. डोळे लांब कुठंतरी बघणारे. आणि कपाळ मोकळं. कुंकू नाही, टिकली नाही, पुसल्याची खूणही नाही. नुसतं स्वच्छ कपाळ.

खरं तर माझ्या पायाखालची जमीन सरकायला हवी होती. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिथंच मटकन खाली बसली असती. मला काय झालं ते सांगायची आजही लाज वाटते, पण सांगते. मला बरं वाटलं. रानातनं येताना डोक्यावरची गच्च भरलेली पाटी वाटेत कुणीतरी उतरून घ्यावी, तसं मानेपर्यंत हलकं वाटलं. मी त्या बाईकडं बघत राहिले. ती कुणाचीच नव्हती आणि तिचं काही अडलेलं दिसत नव्हतं.

मग भोवतीचं हसणं थांबल्याचं ध्यानात आलं. बायका एकदा फोटोकडं बघत होत्या, एकदा माझ्याकडं. माझ्या कपाळावर, म्हणजे खऱ्या कपाळावर, रुपयाएवढं कुंकू होतं. रोजच असायचं. आपण चोरी करताना सापडलो असं वाटून मी पदर पुढं ओढला.

आता कुंकवाची एवढी काय मातब्बरी, ते सांगायला पाहिजे.

आमचं पळसखोरी खानापूरच्या घाटमाथ्यावर. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ. म्हणून इथले बापे गलाईच्या धंद्याला देशभर गेले. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं, ही गलाई. माणसं वर्षभर तिकडं आणि नाथबाबाच्या यात्रेला चार दिवस गावात. माझं लग्न झालं तेव्हा मालक कोइमतूरच्या पलीकडं एका गावात दुकान चालवत होते. दिवाळीला यायचे, यात्रेला यायचे. मुलाबाळाचा योग आलाच नाही. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी ते दुकानातनं चहाला म्हणून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. भट्टी गरम, दुकान उघडं, पायताणं दारात. कुणी म्हणालं सोन्यापायी मारलं, कुणी म्हणालं तिकडं दुसरं बिऱ्हाड केलं. ना माणूस सापडला ना मढं.

माझे थोरले दीर संपतराव, म्हणजे आमचे भाऊजी, तेव्हापासून दर वर्षी दिवाळी झाली की तिकडं जायचे. खिशात लग्नातला फोटो. गावोगाव दाखवत हिंडायचे आणि खाली मान घालून परत यायचे. धाकट्या भावाला या धंद्यात त्यांनीच नेलं होतं, ते त्यांना सलायचं. मालकांना कुणी चुकून ‘वारले’ म्हणालं तर भाऊजी त्याच्या अंगावर धावून जात.

आणि घरात आत्ती. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. मालक गेले त्या वर्षी आत्तीनं एका देवऋष्याला विचारलं. त्यानं तांदूळ टाकून सांगितलं, पोरगा दक्षिणेला हाय, आन् जवर ह्या सुनंचं कुंकू हाय तवर त्यो हाय. झालं. त्या दिवसापासून मालक माझ्या कपाळावर राहायला आले. आत्ती स्वतः विधवा, त्यामुळं करंड्याला हात लावायची नाही. पण सकाळी मी कुंकू लावताना उंबऱ्यावर बसून बघायची. जरा बारीक झालं तर म्हणायची, “मोठं लाव. त्येला लांबनं दिसलं पायजे.”

मी नऊ वर्षं लावलं. माहेरी राहायला जायचं नाही, कारण भलत्याच दिवशी मालक आले तर. लग्नकार्यात ओटी भरायला मला बोलवावं की नाही ते बायकांना कळायचं नाही. बोलवायच्या, पण सगळ्यांत शेवटी. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. आणि तक्रार करायची कुणाकडं? आत्ती माझ्यावर जीव टाकत होती. ताटात आधी मला वाढायची. एवढ्या मायेच्या माणसापुढं ‘मला हे नको’ म्हणायला तोंड कुठनं आणायचं.

फोटो काढणारी पोरगी पुण्याची. मृण्मयी नाव. आत्तीनं त्याचं मिरमई करून टाकलं आणि तीही ‘ओ’ द्यायला लागली. लांबलांबच्या गलाईच्या दुकानांत जाऊन तिनं वितळलेल्या सोन्याचे, भट्ट्यांचे, तडकलेल्या मुशींचे फोटो काढले होते. ज्या भांड्यात सोनं वितळवतात ती मूस. मग त्या दुकानांतल्या माणसांच्या गावी येऊन तिनं बायकांचे चेहरे टिपले, आणि कॉम्प्युटरवर एकावर एक थर चढवून दोन्ही एक केलं. काय नि कशासाठी ते आम्हाला कळत नव्हतं, पण पोरगी गोड होती. ताराकाकूच्या घरी राहिली, शेळीचं दूध प्यायली. यात्रेला बापे गावात असतात, तेव्हा त्यांनी आपल्या बायका अशा बघाव्यात, असं तिच्या मनात होतं.

माझा फोटो तिनं आमच्या दाराच्या पायरीवर काढला. म्हणाली, “वहिनी, कॅमेऱ्याकडे बघू नका. ज्यांची वाट बघताय त्यांच्याकडे बघा.” मी बघायला गेले आणि दचकले. मालकांचा चेहराच येईना. मिशी होती ते माहीत होतं, उजव्या भुवईवर खूण होती ते माहीत होतं, पण दोन्ही एका ठिकाणी जमेनात. आत्ती माझ्या पाठीमागं उंबऱ्याच्या आत शेंगा फोडत बसलेली. मग मी गोठ्यातल्या म्हशीकडं बघितलं. मृण्मयी म्हणाली, “काय नजर आहे वहिनी तुमची.” आत्तीनं मागनं माझ्या पाठीवरनं मायेनं हात फिरवला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तर तो हा फोटो.

भाऊजी आले. कुणीतरी पळत जाऊन सांगितलंच असणार. ते फोटोसमोर आले. मग त्यांनी मृण्मयीला विचारलं, हे कुणी केलं. तिला आधी कळेचना काय चुकलं ते. तिनं भाबडेपणानं सांगायला सुरुवात केली. फोटो काळापांढरा केला तेव्हा कुंकू काळं दिसायला लागलं, गोळी लागल्यासारखं. डोळा तिथनं हलेना, सोन्याकडं जाईना. म्हणून काढून टाकलं. कॉम्प्युटरवर कपाळाची थोडी कातडी उचलायची आणि त्यावर ठेवायची, एवढंच. सांगता सांगता तिनं आमची तोंडं बघितली.

“एवढंच,” भाऊजी म्हणाले.

पोरं फोटो उतरवायला धावली. गावचे आबा, म्हणजे सगळ्यांत वडील माणूस, मध्ये पडले. यात्रेच्या दिवशी तमाशा नको, पालखी देवळातनं निघायच्या आधी मंडपात बसू, बायामाणसं बी येऊ देत, काय ते तिथं मिटवू. तवर फोटोला कुणी हात लावायचा नाही. तेवढ्यात ताराकाकू आत्तीला हाताला धरून घेऊन आली. आत्तीला कमी दिसायचं. ती फोटोच्या इतकी जवळ गेली की नाक टेकलं असतं. खालपासून वरपर्यंत बघितलं, कपाळाशी थांबली. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. मग आली तशी परत गेली.

मीही बाहेर पडले. घरी जायचं धाडस नव्हतं, म्हणून शाळेच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले. भीती वाटत असती तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण माझ्या मनात एकच घोळत होतं, की आत जाऊन तो फोटो अजून एकदा कसा बघता येईल.

मृण्मयी मला शोधत तिथंच आली. रडून रडून नाक लाल झालेलं, काखोटीला कॉम्प्युटर. माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, तिला खरंच माहीत नव्हतं, आत्ता ताराकाकूनं देवऋष्याचं सांगितलं. मंडपात ती हात जोडून माफी मागणार होती. आणि मुख्य म्हणजे तिच्याकडं उपाय होता.

“मी परत लावते वहिनी. मूळ फोटो आहे माझ्याकडे. विट्याला जाऊन संध्याकाळपर्यंत नवीन छापून आणते. कुणाला कळणारही नाही असं लावते.”

तिनं मांडीवर कॉम्प्युटर उघडला. मी बारक्या रूपात पडद्यावर आले. तिनं एक बटण दाबलं, कुंकू आलं. पुन्हा दाबलं, गेलं. पुन्हा आलं. जे कुंकू नऊ वर्षं एका माणसाला जिवंत ठेवत होतं, ते त्या पोरीच्या बोटाखाली येत होतं नि जात होतं, आणि आमच्या मागं टाकीचा नळ तसाच गळत होता. कुठं काही कोसळलं नाही.

“परत काढ,” मी म्हणाले.

तिनं काढलं. मी डोळे भरून बघून घेतलं. मग म्हणाले, “राहू दे.”

“म्हणजे?”

“तसंच राहू दे. आन् मंडपात काय बी झालं तरी तू तोंड उघडायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला काय कळलं, काय नाही, देव जाणे. लेकीच्या वयाची नसली तरी धाकट्या बहिणीच्या वयाची पोर. तिला मी खोटं सांभाळायला लावलं, तेही शपथ घालून.

मंडपात बापे एका अंगाला, बायका एका अंगाला. आत्ती खांबाला टेकून बसली होती. भाऊजींनी उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. म्हणाले, शहरातली पोर हाय, आपल्यातलं तिला ठावं न्हाई, मशीननं पुसलंय. तिनं माफी मागावी, फोटू नाथबाबाच्या म्होरं फाडून टाकावा आणि वहिनींनी सगळ्यांदेखत नव्यानं कुंकू लावून घ्यावं. दोष निघून जाईल. आबांनी मान डोलावली. सगळ्यांना पटलं. कुणाचं वाकडं होत नव्हतं, कुणाला लागत नव्हतं. मलाही फक्त गप्प बसायचं होतं. ताराकाकू तर करंडा घेऊनच आली होती.

तिनं करंडा उघडला आणि मला कळलं, आता लावलं तर हे मरेपर्यंत. आत्ती जाईल, भाऊजी म्हातारे होतील, आणि मी तशीच दारात बसून म्हशीकडं बघत असेन.

“मशीननं न्हाई पुसलं,” मी म्हणाले. “मी पुसलं.”

मृण्मयीनं मान वर केली. मी तिच्याकडं डोळे वटारले, तशी तिनं परत खाली घातली.

“फोटो काढताना मीच पुसलं,” मी पुढं रेटलं. “आन् तशीच बसले. हिनं फक्त टिपलं. मघाशी मशीनचं म्हणली ती मला वाचवायला.”

भाऊजी माझ्याशी कधी समोर बघून बोलायचे नाहीत, आमच्यात तशी रीत नाही. त्या दिवशी त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

“आन् आता लावलंय ते?”

“ते तुमच्यासाठी लावते.”

हे वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं. आपसूक निघालं. बायकांच्या बाजूनं एक उसासा ऐकू आला. भाऊजींनी मला मारलं असतं, झिंज्या धरून ओढलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. ते मंडपाच्या पायरीवर बसले. सगळा माणूस एकदम थकल्यासारखा दिसायला लागला.

“मग मी हिंडतुय ते कशापायी, वहिनी?” त्यांनी विचारलं.

त्यांचं हिंडणं मी बघत होते. परत आले की त्यांचे भेगाळलेले पाय धुवायला ऊन पाणी मीच काढायचे. मनात मात्र प्रत्येक वेळी एक पाप यायचं, की यंदा तरी काहीतरी पक्कं कळू दे, बरं असो वा वाईट. वाईटच असो, असंही एकदोनदा आलं होतं. ते आता माझ्या तोंडावर वाचता येत असणार असं मला वाटलं आणि मी खाली बघितलं.

आबांनी घसा साफ केला. बाईनं जित्या नवऱ्याचं कुंकू पुसणं ही लहान गोष्ट न्हवं, म्हणाले. घरातल्या थोरलीला ह्ये ठावं हुतं का? आणि मंडपातल्या सगळ्या माना खांबाकडं वळल्या.

आता ही मला शाप देणार, हे मी धरूनच चालले होते. द्यायलाच हवा होता. तिच्या लेकाला मी चारचौघांत मारलं होतं, तेही फोटोपायी.

“ठावं हुतं,” आत्ती म्हणाली. “माझ्या म्होरंच पुसलं तिनं. मीच म्हणलं, पूस.”

“आई,” भाऊजी म्हणाले.

“मीच म्हणलं,” आत्ती पुन्हा म्हणाली. “आता ज्येला काय बोलायचं त्येनं मला बोला.”

तिला कोण बोलणार? आबा म्हणाले, आईनंच सांगितलं म्हणल्यावर आपण कोण. विषय संपला. फोटो जागच्या जागी राहिला, यात्रा संपेपर्यंत. त्याच्यासमोर मात्र कुणी फारसं थांबलं नाही, असं मृण्मयीनं मला जाताना सांगितलं. मी स्वतः पुन्हा हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही.

मंडपातनं आम्ही दोघी घरी निघालो. रोज माझ्या खांद्यावर हात ठेवून चालणारी आत्ती त्या दिवशी भिंतीभिंतीनं पुढं चालली होती. मला वाटलं, घराण्याची अब्रू चव्हाट्यावर जाऊ नये म्हणून म्हातारी खोटं बोलली. आता दार लावून घेईल आणि जे बोलायचं ते बोलेल. मी तयारीत होते. बोल लावले तर ते खाली मान घालून घ्यायचे आणि उद्या माहेरची वाट धरायची, इथपर्यंत मी मनात आणलं होतं.

आत्तीनं दार लावलं नाही. पायरीवर बसली आणि मला म्हणाली, “हिकडं ये. बस.” मी खालच्या पायरीवर बसले. तिनं पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात भिजवलं आणि एका हातानं माझी हनुवटी धरून दुसऱ्या हातानं माझं कुंकू पुसलं. हळू पुसलं, लहान पोराचं तोंड पुसतात तसं. मग अंगठा कपाळाच्या मधोमध ठेवला.

“ह्यो डाग फोटूत न्हाई,” ती म्हणाली.

कुंकवाखालची माझी कातडी गेली होती. इतकी वर्षं घट्ट, मोठं कुंकू लावून लावून तिथं पांढरा, रुपयाएवढाच डाग पडला होता. आग व्हायची, खाज सुटायची. बाहेरच्या कुणाला ते माहीत असायचं कारणच नव्हतं. आत्तीला माहीत होतं, कारण रोज संध्याकाळी मी तोंड धुतलं की तीच त्यावर खोबरेल लावायची. खरंच मी कुंकू पुसून फोटोला बसले असते, तर त्या काळ्यापांढऱ्या फोटोत तो डाग चंद्रासारखा दिसला असता. मशीननं कुंकू काढताना त्याच्याखालचा डागही नेला होता. मंडपात खोटं बोलताना माझ्या हे डोक्यातही आलं नाही. आणि ही, नाक लावून फोटो बघून, सगळं समजून मंडपात येऊन बसली होती.

“म्हणजे तुमाला ठावं हुतं,” मी म्हणाले. “मी पुसलं न्हाई ते.”

“व्हय.”

“मग तुमी का?”

लांबून पालखीचा ढोल ऐकू येत होता. आत्ती त्या दिशेला तोंड करून बसली.

“मशीननं पुसलंय म्हणली आसतीस, तर सगळं मिटलं आसतं,” ती म्हणाली. “तुला एवढंच बोलायचं हुतं. तू म्हणलीस, मी पुसलं. न पुसता म्हणलीस. म्हणजे तुला पुसायचं हुतं.” मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, “कवापासनं?”

आजच, फोटो बघितल्यावर, असं मी म्हणू शकले असते. एका दिवसात दोन खोटी, त्यात काय. पण ती इतक्या साधेपणानं विचारत होती की माझ्यानं झालं नाही.

“लई वर्सं झाली,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. जणू दळण किती राहिलंय ते विचारलं आणि मी सांगितलं.

“आन् मी रोज म्हणायची मोठं लाव,” ती म्हणाली. “तुझ्या कपाळाला भोक पाडलं मी, त्येला धरून ठेवायपायी.”

“न्हाई हो आत्ती,” मी म्हणाले. पण ते ‘न्हाई’ इतकं पोकळ निघालं की पुढं काही बोलताच आलं नाही. माझी चूक तिनं स्वतःच्या अंगावर घेतली होती, मंडपातही आणि इथंही, आणि मला ती परत मागून घेता येत नव्हती. मी तिचे पाय धरले. तिनं ते काढून घेतले नाहीत, आणि मला उठही म्हणाली नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “आता नाव घे त्येचं.”

मला कळेना.

“बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, त्येचं आयुष्य कमी हुतं म्हणून,” आत्ती म्हणाली. “आता कुणाचं कमी हुयाचं हाय? घे. तू नाव घेतलंस की मला रडाया यील. मी एवढी वर्सं रडले न्हाई. तुझं कुंकू बघून रडू कुठनं काढायचं?”

पायरीवर बसलेली ती म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत होती. मालकांना सगळं गाव नावानं हाक मारायचं, भाऊजी मारायचे, आत्ती तर झोपेतसुद्धा मारायची. माझ्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं, लग्नात उखाणा घेतला तेवढं सोडून.

“उत्तम,” मी म्हणाले.

अनोळखी घराच्या दारात उभं राहून कुणालातरी हाक मारावी तसा माझाच आवाज मला ऐकू आला. मिशी आली, भुवईवरची खूण आली, आणि पुन्हा दोन्ही जमली नाहीत. चेहरा आलाच नाही.

आत्तीनं हंबरडा फोडला. “उत्तमा, माझ्या लेकरा” म्हणत ती माझ्या मांडीवर कोसळली. एवढ्याशा देहात एवढं रडणं कुठं होतं कोण जाणे. शेजारच्या बायका धावत आल्या आणि दारातच थबकल्या. मी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, पाठीवरनं हात फिरवत राहिले, काहीबाही बोलत राहिले. माझं लुगडं तिच्या आसवांनी भिजलं.

माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आत्तीनं मान वर केली तर तिला ते दिसेल, म्हणून मी पदर तोंडावर ओढून घेतला.